चिठ्ठी, ट्रक आणि कलम ३२ : बालहक्क शिकवायला ‘द किड’ कितपत कामाचा?

दत्तक आणि बालहक्क यांवरच्या कार्यशाळा बहुतेक ठिकाणी एकाच साच्यातल्या असतात. कलमांच्या स्लाइड, १०९८ या बालमदत हेल्पलाइनचं पोस्टर, गोंडस बाळाचा एखादा फोटो आणि शेवटी ‘काही शंका?’. शंका कुणालाच नसते, कारण डोक्यात काही शिरलेलंच नसतं. अशा ठिकाणी चार्ली चॅप्लिनचा १९२१ सालचा मूकपट ‘द किड’ लावला, की पहिल्या दहा मिनिटांत माणसं एकमेकांशी भांडायला लागतात. शिकवणाऱ्याला हवं असतं ते हेच.

सिनेमा म्हणून त्याचं कौतुक गेली शंभर वर्षं चालू आहे, त्यात भर घालण्यात अर्थ नाही. शिकवण्याचं साधन म्हणून तो कुठे चालतो आणि कुठे दगा देतो, एवढंच इथे पाहू. तो चालतो याचं कारण सोपं आहे. यातला भटक्या, म्हणजे चॅप्लिनने स्वतः केलेलं पात्र, सापडलेलं बेवारस मूल वाढवताना जे जे करतो ते माणुसकीला धरून आणि आजच्या कायद्याला सोडून. प्रेक्षक पूर्णपणे त्याच्या बाजूचा, आणि हातातला कायदा त्याच्या विरुद्ध. ही ओढाताण स्लाइडवर उभी करता येत नाही.

आधी प्रत कोणती घ्यायची ते. मूळ १९२१ ची आवृत्ती सहा रिळांची, साधारण ६८ मिनिटांची. पुढे ऐंशी ओलांडल्यावर, १९७१ मध्ये, चॅप्लिनने स्वतःच कात्री लावली, स्वतःचं संगीत दिलं आणि सिनेमा ५३ मिनिटांच्या आसपास आणला. आज स्वच्छ, दुरुस्त केलेली प्रत मिळते ती या छोट्या आवृत्तीची. पडद्यावर ती देखणी दिसते, पण आपल्या कामासाठी तीत एक खोट आहे. कापलेले प्रसंग सगळे आईचे आहेत, आणि त्यांतच मुलाचा बाप तिला एका मेजवानीत पुन्हा भेटतो तो प्रसंग गेला. छोट्या प्रतीत बाप सुरुवातीला एकदाच दिसतो : तिचा फोटो शेकोटीत पडतो, तो उचलतो, जळलेला पाहून परत आत टाकतो. बापाची जबाबदारी आणि संमती यांवर बोलायचं असेल तर मेजवानीचा प्रसंग लागतो. तेव्हा लांब प्रत शोधा, नाहीतर छोट्या प्रतीच्या डिस्कवर वगळलेले प्रसंग वेगळे दिलेले असतात ते लावा. वेष्टनावरच्या मिनिटांवर विसंबू नका. मूकपटाची प्रत कोणत्या वेगाने चालवली त्यावर लांबी बदलते. मेजवानी आहे की नाही, हे स्वतः पाहून घ्या.

हक्कांचं थोडक्यात. १९२१ चा मूळ सिनेमा सार्वजनिक मालकीत आला आहे, पण १९७१ चं संगीत आणि संपादन ही वेगळी बाब आहे. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शाळा-कॉलेजला आपले विद्यार्थी, कर्मचारी आणि पालक एवढ्यांपुरता चित्रपट दाखवायची मुभा आहे. गावच्या सभागृहात सगळ्यांसाठी खेळ लावला तर ती मुभा लागू होत नाही. तिथे जुनी, त्या संगीताशिवायची प्रत वापरावी. पेटीवाला बसवला तर आणखी बरं.

आता प्रसंगांकडे. सुरुवातीलाच धर्मादाय रुग्णालयाच्या फाटकातून बाळ घेऊन एकटी बाई बाहेर पडते. पडद्यावरची लिखित पाटी, म्हणजे मूकपटाचं शीर्षक, सांगतं की तिचं पाप म्हणजे तिचं मातृत्व. ती एका बंगल्यासमोरच्या मोटारीत बाळ ठेवते, सोबत चिठ्ठी : या अनाथ बाळाला प्रेमाने सांभाळा. थोड्याच वेळात तिला पश्चात्ताप होतो, ती धावत परत येते, तोवर मोटार चोरीला गेलेली असते. पहिला थांबा इथे घ्यावा आणि विचारावं : हिच्याकडे दुसरा कोणता रस्ता होता? १९२१ मध्ये जवळपास नव्हताच. आज भारतात आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम ३५ नुसार ती बालकल्याण समितीपुढे जाऊन मुलाचं समर्पण करू शकते. अविवाहित आईची एकटीची सही पुरते, तिचं नाव गुप्त राहतं, आणि सही केल्यावर निर्णय फिरवायला दोन महिने मिळतात. पडद्यावरच्या बाईला पश्चात्तापासाठी जेमतेम काही तास मिळाले. हा फरक फळ्यावर आकड्यांत लिहावा, लोकांच्या तो लक्षात राहतो.

इथे वर्गातून हमखास येणारं वाक्य म्हणजे ‘अशा बाईला आत टाकायला पाहिजे’. बारा वर्षांखालचं मूल उघड्यावर सोडणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ९३ खाली गुन्हा आहे, हे खरंच. पण बाल न्याय अधिनियमाचं कलम ७५ असंही सांगतं, की जन्मदात्यांनी आवाक्याबाहेरच्या परिस्थितीमुळे मूल सोडलं असेल तर ते जाणूनबुजून सोडलं असं धरायचं नाही. महाराष्ट्रात हा विषय काढताना पुण्याचा दाखला द्यायलाच हवा. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं ते अशाच बायकांसाठी, आणि तिथेच आलेल्या एका विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी १८७४ मध्ये दत्तक घेतला. पडद्यावरची बाई आणि पुण्यातली ती विधवा शेजारी ठेवल्या, की ‘आत टाका’ म्हणणारे जरा दमाने बोलतात.

चोर बाळाला उकिरड्याशी टाकतात, भटक्याला ते सापडतं. तो ते एका बाईच्या बाबागाडीत सरकवू पाहतो, एका म्हाताऱ्याच्या हातात देऊन पळतो, शेवटी चिठ्ठी वाचतो आणि घरी नेतो. दुसरा थांबा. सापडलेलं मूल घरी नेणं हा आपल्याकडे दयाळूपणा मानला जातो. ‘देवानेच दिलं’ म्हणून ठेवून घेतलेली मुलं दर तालुक्यात निघतील. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ३२ चं म्हणणं वेगळं आहे (पुढची सुटी कलमंही याच अधिनियमातली). बेवारस किंवा हरवलेलं मूल दिसलं तर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत १०९८ ला, पोलिसांना, बालकल्याण समितीला किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाला कळवायचं, किंवा नोंदणीकृत संस्थेत सोपवायचं. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. ठरलेल्या पद्धतीबाहेर मूल दत्तक देणं-घेणं कलम ८० मध्ये येतं, तिथे तीन वर्षांपर्यंत कैद आहे. इथे लोक चिडतात. चिडू द्यावं, उत्तर लगेच देऊ नये.

या सिनेमातली सगळ्यात उपयोगी वस्तू म्हणजे ती चिठ्ठी. पूर्ण कथेत मुलाची ओळख सांगणारा तो एकच कागद आहे. बाळाच्या कपड्यांतून भटक्याकडे, त्याच्या पुस्तकातून डॉक्टरकडे, डॉक्टरच्या हातून आईपुढे असा तो फिरतो, आणि प्रत्येक वेळी मुलाचं नशीब बदलतो. प्रशिक्षणार्थींना सांगावं, सिनेमा पाहताना या चिठ्ठीचा माग ठेवा. मग चर्चेत आजची वाट दाखवता येते : बाळासोबत सापडलेल्या वस्तूंची नोंद, फोटोसह वर्तमानपत्रात जाहीर आवाहन, हरवलेल्या मुलांच्या नोंदींशी पडताळणी, आणि एवढं करूनही कुणी आलं नाही तर कलम ३८ खाली ‘दत्तक देण्यास कायदेशीररीत्या मुक्त’ अशी घोषणा. दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी दोन महिन्यांत, त्यापुढच्यासाठी चार महिन्यांत. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरची ती छोटी जाहिरात लोकांनी शंभरदा पाहिलेली असते. ती कशासाठी असते, हे त्यांना इथे पहिल्यांदा कळतं.

भटक्याच्या खोलीतला प्रसंग गृह अध्ययन अहवालाच्या, म्हणजे दत्तक घेऊ पाहणाऱ्यांच्या घराच्या पाहणीच्या, सरावासाठी बनवल्यासारखा आहे. दोरीला टांगलेली किटली, तिच्या तोटीला निपल, म्हणजे झाली दुधाची बाटली. खुर्चीच्या बैठकीला कापून पाडलेलं भोक, खाली पिकदाणी. पाच वर्षांनंतर पोरगा स्वयंपाक करतोय, बाप अंथरुणात, पांघरुणाच्या भोकातून डोकं काढून त्याचाच झगा. आणि मग घावनांची चळत दोघांत मोजून सारखी वाटलेली. गटांना दहा मिनिटं द्या आणि एकेक पान लिहायला लावा : तुम्ही समाजसेवक म्हणून आलात, काय नोंदवाल? निम्मे गट अस्वच्छता आणि गरिबी लिहितात. दत्तकाच्या नियमांत उत्पन्नाचा ठरावीक आकडा नाही, पालकांची शारीरिक, मानसिक, भावनिक आणि आर्थिक क्षमता पाहायची आहे, हे तेव्हा सांगावं. बाकीच्या अटी भटक्याला लावून पाहण्यात मजा येते. एकट्या पुरुषाला मुलगा दत्तक घेता येतो, मुलगी नाही. मूल आणि पालक यांच्या वयात किमान २५ वर्षांचं अंतर हवं. दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी एकट्या पालकाचं वय ४० च्या आत हवं. चित्रीकरणाच्या वेळी चॅप्लिन तिशीचा होता, म्हणजे वयाच्या कसोटीवर गडी पास. व्यवसायावर मात्र नापास, कारण पुढचा प्रसंग.

पोरगा दगड मारून खिडक्या फोडतो, मागून बाप नव्या काचा बसवून द्यायला, त्या पाठीवर घेऊन हजर. हॉल हसून लोळतो. हसणं ओसरल्यावर विचारा, गुन्हा कुणाचा? सात वर्षांखालच्या मुलाचं कृत्य कायद्यात अपराधच ठरत नाही, पोरगा पाचचा. पण मुलाला बेकायदा कामासाठी वापरणाऱ्या प्रौढाला कलम ८३ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांचा दंड आहे. हॉल शांत होतो.

मग मुलगा आजारी पडतो आणि डॉक्टर येतो. हा मुलाचा बाप तूच का, असं तो विचारतो तेव्हा भटक्या म्हणतो, म्हटलं तर मीच. चिठ्ठी पाहून डॉक्टर वर कळवतो आणि अनाथाश्रमाची गाडी दारात उभी राहते. या दहाएक मिनिटांसाठी पूर्ण सिनेमा दाखवावा, इतकी ती मोलाची आहेत. आश्रमाचा साहेब भटक्याशी थेट बोलत नाही, हाताखालच्या माणसाला सांगून विचारतो. मुलाला तर कुणी काहीच विचारत नाही. त्याला उचलतात आणि ट्रकच्या मागच्या हौद्यात टाकतात. तो हात पसरून रडतो, ते रडणं पाहताना शंभर वर्षं जुनी फिल्म आहे हे विसरायला होतं. भटक्या छपरांवरून धावत ट्रक गाठतो आणि मुलाला परत घेतो.

पाठलाग चालू असताना थांबवू नका. तिथे पॉज दाबणारा प्रशिक्षक वर्ग कायमचा गमावतो. दोघं एकमेकांना बिलगले की थांबवा आणि विचारा : डॉक्टर चुकला का? कायद्याच्या दृष्टीने त्या गोष्टीत बरोबर वागणारा तो एकटाच आहे, त्याने कळवलं. पुढे जे बिघडलं ते पद्धतीत. मुलाला बालकल्याण समितीपुढे २४ तासांत हजर करायचं असतं. आश्रमाने परस्पर उचलून न्यायचं नसतं. दत्तकाचा आदेश देताना मुलाचं वय आणि समज पाहून त्याची इच्छा विचारात घ्यायला कलम ६१ सांगतं, आणि पाच वर्षांच्या पुढच्या मुलाची संमती दत्तक नियमावलीत मागितली आहे. मुलाला बोलू देण्याचा हा हक्क संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेच्या कलम १२ मधला. भारताने ती संहिता १९९२ मध्ये स्वीकारली. भटक्याने सांभाळलेलं मूल लगेच काढून घेणं हा एकच पर्याय आज समितीपुढे नाही. ‘योग्य व्यक्ती’ म्हणून मान्यता देता येते, प्रतिपालकत्वाची (फॉस्टर केअरची) तरतूद आहे. चिडलेल्या मंडळींना त्यांचं उत्तर इथे मिळतं.

या प्रसंगात सिनेमाचा पहिला दगाही आहे. संस्थेचा प्रत्येक माणूस इथे खलनायक आहे. चॅप्लिनच्या बाजूने ते समजण्यासारखं आहे. १८९६ मध्ये, सातव्या वर्षी, तो स्वतः लंडनच्या वर्कहाउसमध्ये (निराधार गरिबांना काम करवून ठेवणाऱ्या आश्रयगृहात) आणि मग हॅनवेलच्या निराधार मुलांच्या शाळेत गेला होता. पण बालगृहाच्या कर्मचाऱ्यांना हा सिनेमा दाखवत असाल तर ही पार्श्वभूमी आधी सांगा, नाहीतर ते सुरुवातीपासूनच हाताची घडी घालून बसतात.

दुसरा दगा शेवटात. आई आता नामवंत गायिका झालेली आहे, चिठ्ठी ओळखते, बक्षिसाची जाहिरात देते. रात्रनिवाऱ्याचा मालक ती वाचतो आणि झोपलेल्या भटक्याशेजारून मुलगा उचलून पोलीस ठाण्यात नेतो. ओळख पटवणं नाही, चौकशी नाही, सुनावणी नाही; श्रीमंत आईच्या कुशीत मूल गेलं की प्रश्न मिटला. शेवटी भटक्याला तिच्या बंगल्यात बोलावतात आणि दार लागतं. आता त्याचं त्या मुलाशी नातं काय? सिनेमा सांगत नाही, आणि वर्गाला विचारण्यासाठी हा प्रश्न उत्तम आहे. मात्र ‘खरी आई एक दिवस येतेच’ हा संदेश दत्तक कुटुंबांना घातक आहे. दत्तकाचा आदेश झाल्या दिवसापासून मूल सर्व बाबतींत दत्तक पालकांचंच, हे कलम ६३ आहे. २०२१ च्या दुरुस्तीने हा आदेश देण्याचं काम न्यायालयाकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे दिलं. मोठं झाल्यावर आपल्या मुळांचा शोध घ्यायची सोय नियमांत मुलासाठी आहे. चर्चा चालवताना ‘खरी आई’ हा शब्द कुणाच्या तोंडून आला की तिथेच ‘जन्मदाती आई’ असा दुरुस्त करा, प्रत्येक वेळी.

म्हणूनच प्रेक्षक निवडून घ्यावेत. बालगृहातल्या मुलांना किंवा दत्तक घरी येऊन वर्षही न झालेल्या मुलाला हा सिनेमा दाखवू नये. ट्रकचा प्रसंग त्यांच्यासाठी गोष्ट राहत नाही. शाळेत सातवीपासून पुढे चालतो. वर्गात दत्तक मूल असेल तर त्याच्या पालकांना आधी सांगून ठेवावं, आणि वर्गासमोर त्या मुलाकडे पाहू नये, उत्साही शिक्षक नेमके तेच करतात. दत्तकाच्या प्रतीक्षा यादीतल्या पालकांच्या गटाला जरूर दाखवा, पण शेवटावर निदान अर्धा तास ठेवा.

‘द किड’सोबत एक गोष्ट फुकट मिळते, ती म्हणजे तो पोरगा. जॅकी कूगन जन्माने १९१४ चा, या सिनेमाने जगप्रसिद्ध झाला आणि पुढे लाखो डॉलर कमावले. सज्ञान झाल्यावर कळलं की पैसा आई आणि सावत्र वडिलांनी उडवला. १९३८ मध्ये त्याने त्यांच्यावर दावा लावला, हाती आले सुमारे सव्वा लाख डॉलर. त्यावरच्या गदारोळातून कॅलिफोर्नियात १९३९ मध्ये बालकलाकारांच्या कमाईचं रक्षण करणारा कायदा आला, तो आजही कूगनच्या नावाने ओळखला जातो. आपल्याकडे हीच गोष्ट बालकामगार नियमांत २०१७ पासून आहे : बालकलाकाराला दिवसाला पाचहून जास्त तास काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त नाही, सलग २७ दिवसांहून जास्त नाही, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी, आणि कमाईचा किमान २० टक्के भाग मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत. मालिकांची आणि जाहिरातींची चित्रीकरणं जिथे रोज चालतात त्या मुंबईत हे माहीत असलेले पालक कमी भेटतात. पडद्यावरच्या काल्पनिक मुलाचा हक्क आणि त्याचं काम करणाऱ्या खऱ्या मुलाचा हक्क एकाच तासात शिकवता येतात, असं दुसरं साधन चटकन आठवत नाही.

जोडीला देशी काही हवं तर १९५४ चा ‘बूट पॉलिश’, राज कपूरची निर्मिती, प्रकाश अरोरा दिग्दर्शक. अडीच तासांच्या आसपास असल्यामुळे पूर्ण दाखवणं अवघड, शेवटचा भाग पुरतो. भाऊ-बहिणीची ताटातूट होते, बेलू एका श्रीमंत घराच्या हाती लागते, भोला मागे राहतो, रेल्वे स्टेशनवर पुन्हा गाठ पडते. सख्खी भावंडं दत्तक देताना एकत्रच ठेवायची, या नियमावर बोलायला तो चांगला. पण तो मुलांनी भीक न मागता कष्ट करावेत यावर टाळ्या घेतो. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवण्यावर २०१६ च्या दुरुस्तीपासून जवळपास सरसकट बंदी आहे. ते बोलला नाहीत तर वर्ग चुकीचा धडा घेऊन उठतो.

तयारीत हमखास फसणाऱ्या दोन गोष्टी. एक, शीर्षकं इंग्रजीत आणि पटकन जाणारी. मराठी भाषांतर छापून वाटलं तर लोक खाली मान घालून कागद वाचतात आणि पडदा सुटतो. त्यापेक्षा एकाने मागे उभं राहून प्रत्येक शीर्षक मराठीत मोठ्याने म्हणावं, दोनदा सराव करून. दोन, वेळ. पाच थांब्यांसकट छोट्या प्रतीला अडीच तास लागतात, लांब प्रतीला तीन. कलमांचा कागद सुरुवातीला देऊ नका, ट्रकच्या प्रसंगानंतर द्या, एकाच बाजूला छापलेला, मोठ्या अक्षरात. शेवटची वीस मिनिटं कूगनसाठी राखून ठेवा. वेळ कमी पडला तर ‘बूट पॉलिश’ गाळा, कूगन नको.